टेरेसची चावी आणि चार चमचे पाणी

मुंबईत डास मारायला सगळ्यात आधी काय लागतं? औषध नाही, पंप नाही. टेरेसची चावी. वॉचमन म्हणतो सेक्रेटरींकडे आहे. सेक्रेटरी गावाला गेलेले असतात आणि चावीही हवापालटाला त्यांच्याबरोबर गेलेली असते. महापालिकेच्या कीटकनाशक खात्यातली नोकरी म्हणजे डासांशी झुंज, असं बाहेरच्यांना वाटतं. डास बिचारे पत्त्यावर सापडतात हो. माणसं सापडत नाहीत.

चावी मिळाली की शिडी, कारण डास वाढतात टेरेसवरच्या पाण्याच्या टाकीत. टाकीला पक्की लोखंडी शिडी हवी, असा नियम आहे. ती असतेही, फक्त खालच्या पायऱ्या गंजून गेलेल्या असतात आणि उरलेल्यांवर कुणीतरी पापड वाळत घातलेले असतात. वर झाकण. ते बिजागरीचं, घट्ट बसणारं, कुलूपबंद हवं. प्रत्यक्षात फरशीचा तुकडा, जुना पत्रा, क्वचित नावाच्या पाटीसकट कुणाच्या तरी घराचा दरवाजा. एखादी सोसायटी मात्र झाकण नवंकोरं बसवते, वर लाल रंग देते आणि ओव्हरफ्लोच्या पाइपचं तोंड उघडं ठेवते. शहरी मलेरिया पसरवणाऱ्या ॲनोफिलीस स्टीफेन्सी डासाला तेवढं पुरतं. त्याला झाकणातूनच यायचा आग्रह नसतो. ओव्हरफ्लोला आणि हवेच्या पाइपला बारीक जाळी बांधायची असते. ती बांधली जाते, कचऱ्याने तुंबते, पाणी नीट जात नाही म्हणून प्लंबर ती उपटून टाकतो, आणि पुन्हा कुणी बांधत नाही. जाळी दर महिन्याला झटकायची असते, एवढंच त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

टाकीत बघण्याचीही पद्धत आहे. आपली सावली पाण्यावर पडली की अळ्या सर्रकन तळाला जातात आणि सेक्रेटरी म्हणतात, “बघा, काही नाही!” म्हणून टॉर्च तिरका धरायचा, मिनिटभर गप्प थांबायचं. श्वास घ्यायला त्या वर येतातच. मग डिपर, म्हणजे लांब दांड्याचा पांढरा पळा, कडेने तिरका बुडवायचा. ॲनोफिलीसची अळी पाण्याला समांतर पडून राहते; डेंग्यूच्या एडिसची आणि गटारातल्या क्युलेक्सची अळी शेपटाकडची नळी वर करून डोकं खाली लोंबते. स्वल्पविरामासारखा वाकडा जीव दिसला तर तो कोष. कोष काही खात नाही, त्यामुळे पोटातून जाणाऱ्या औषधाचा त्याच्यावर उपयोग नाही, आणि दोनेक दिवसांत त्याचा डास होतो. अशा वेळी पळा सेक्रेटरींच्या नाकासमोर धरावा. “हे असले किडे पाण्यात असतातच की,” असं उत्तर येतं.

हे भांडण आजचं नाही. १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईतल्या मलेरियाचा अहवाल लिहिला तेव्हा बोट विहिरींकडे गेलं. विहिरी बुजवा किंवा झाका म्हटल्यावर गावभर वाद झाले. विहिरींशी लोकांची श्रद्धा जोडलेली होती. टाकीशी कुणाची श्रद्धा नाही, तरी वाद तेवढाच.

खरी करमणूक घरात. बेल वाजवली की दार साखळीएवढं उघडतं.

“काकू, डासांची तपासणी आहे.”

“आमच्याकडे नाहीत हो! सगळे त्या खालच्या गटारातून येतात.”

गटारातून येतो तो क्युलेक्स. रात्री कानाशी गुणगुणतो. डेंग्यूवाला एडिस दिवसा चावतो, त्याला बऱ्यापैकी स्वच्छ, साठलेलं पाणी लागतं, आणि तो सहसा शे-दोनशे मीटरच्या पलीकडे जात नाही. म्हणजे तुम्हाला चावलेला बहुधा तुमच्याच घरात किंवा आसपास वाढलेला असतो. काकूंना हे पटत नाही. मग आम्ही फ्रिज पुढे ओढतो. मागच्या बाजूला, खाली, पाण्याचा ट्रे असतो. फ्रिज घेतल्यापासून त्याची आणि घरातल्यांची ओळख झालेली नसते. त्यात अळ्या. मनी प्लांटच्या बाटलीत अळ्या. भरभराट व्हावी म्हणून आणलेल्या बांबूच्या भांड्यातही अळ्या. भरभराट झालेली असते, यात शंका नाही. तुळशीच्या कुंडीखालच्या ताटलीत चार चमचे पाणी, तेवढंही पुरतं. पावसाळ्यात अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा म्हणतो.

कोरडा म्हणजे नुसतं ओतणं नव्हे. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. पुन्हा पाणी भरलं की फुटतात. तेव्हा काथ्याने खसाखसा घासायचं. ओतायचं तेही मोरीत नाही. तिकडे पाणी तुंबलेलं असलं तर अळ्यांचं फक्त घर बदलतं. उन्हात तापलेल्या फरशीवर ओतायचं. पिंपावर बांधलेलं फडकं ताठ हवं. सैल असलं तर मध्ये खोलगट होऊन वरच पाणी साठतं, म्हणजे बंदोबस्तावरच पैदास.

लिफ्टच्या खड्ड्यातल्या पाण्याचा विषय निघाला की अख्खी कमिटी लिफ्टमनकडे बघते, लिफ्टमन छताकडे. तिथे पंप लावून उपसणं हाच उपाय. तोवर दर आठवड्याला टेमीफॉस, म्हणजे अळ्या मारायचं औषध, फवारणीच्या दहा लिटर पाण्यात अडीच मिलि. ऐकलंच नाही तर महापालिका अधिनियम १८८८, कलम ३८१ ब खाली नोटीस. ती मिळाली की तीन वर्षं न सापडलेला प्लंबर दुसऱ्या दिवशी हजर.

पण लोकांना आम्ही असे आवडत नाही. त्यांना धूर आवडतो. फ्रिज ओढणारा माणूस म्हणजे कटकट. खांद्यावर फॉगिंगचं मशीन घेऊन फटफट करत आलेला तोच माणूस म्हणजे देवदूत. पोरं मागे धावतात, मोबाईल वर होतात. धुराने फक्त उडणारे डास मरतात, अळीला तो कळतही नाही. दुपारी केला तर तापलेल्या हवेबरोबर वर निघून जातो, म्हणून सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. आणि एडिस बसलेला असतो घरात, पलंगाखाली, पडद्यामागे, टांगलेल्या कपड्यांत, तेव्हा दारंखिडक्या उघड्या हव्यात. हे आम्ही खालून ओरडून सांगतो. तेवढ्यात “धूर आला, धूर आला” करत अख्ख्या बिल्डिंगच्या खिडक्या धडाधड बंद होतात. पंधरा मिनिटांनी तिसऱ्या मजल्यावरची एक फट उघडते आणि काकू विचारतात, “गेला का हो धूर? आता उघडू ना?”