मुक्काम पोस्ट डाळिंब

लेक माद्रिदला शिकायला निघाली तेव्हा आम्ही तिला स्टेशनवरच सांगितलं होतं, "आम्ही काही तिकडे येणार नाही. सुट्टी पडली की तूच येत जा." हा बाणेदारपणा आठ महिने टिकला. मग जूनमधल्या एका रविवारी व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली, "आई, बारा ऑक्टोबरला इथे सरकारी सुट्टी आहे. गुरुवार आहे, शुक्रवारी मी दांडी मारते. तुम्ही दोघं या, आपण दोन दिवस ग्रानादाला जाऊ. छोटीशी ट्रिप."

आम्ही सोलापूरकर. आमची छोटीशी ट्रिप म्हणजे तुळजापूर. सकाळी मनात येतं, डब्यात पोळी-चटणी पडते आणि दुपारच्या झोपेला माणूस घरी परत. ग्रानादाची छोटीशी ट्रिप आमच्या घरात जूनपासून चालू आहे, आता सप्टेंबर लागला, आणि अजून आम्ही उत्तर कसब्याच्या पुढे गेलेलो नाही.

याचं मूळ आमच्या घरातल्या गृहस्थांत आहे. हे रेल्वेतून निवृत्त झाले. जन्म वेळापत्रकाच्या टेबलावर काढला. ज्या माणसाने आयुष्यभर गाड्यांना वेळा नेमून दिल्या, त्याच्या हाताशी निवृत्तीनंतर वेळ नेमून द्यायला एकटी मी उरले. त्यामुळे लेकीचा फोन बंद होतो न होतो तोच ह्यांनी दोनशे पानी वही काढली, वर 'श्री' घातला, खाली 'ग्रानादा' लिहून दोन रेघा मारल्या, आणि माझ्या पोटात गोळा आला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या कपाबरोबर पहिला शोध समोर आला. "अगं, ग्रानादा म्हणजे काय माहितीये का? डाळिंब! स्पॅनिशमध्ये डाळिंबाला ग्रानादाच म्हणतात. शहराच्या चिन्हावरसुद्धा डाळिंब आहे."

माझं माहेर सांगोल्याचं. भावाची सहा एकर डाळिंबाची बाग आहे. आमच्या माहेरी माणसाची तब्येत नंतर विचारतात, आधी "तेल्या नाही ना आला?" असं बागेतल्या रोगाचं विचारतात. मी म्हटलं, "अहो, एवढा खर्च करून डाळिंबच बघायचं असेल तर सांगोल्याला एसटी आहे. वर वहिनी जेवायला घालेल."

ह्यांनी ऐकलं नाही. कारण तोवर ते आलांब्राला पोचले होते. (आम्ही आधी 'अलहंब्रा' म्हणायचो. त्यातला 'ह' स्पॅनिश लोक लिहितात पण म्हणत नाहीत, असं लेकीने सांगितल्यापासून हे दर वाक्याला 'ह' गाळून माझ्याकडे बघतात.) आलांब्रा म्हणजे ग्रानादाच्या टेकडीवरचा, नासरी घराण्यातल्या सुलतानांचा किल्ला आणि महाल. मूळ अरबी शब्दाचा अर्थ 'लाल'. "म्हणजे लाल किल्लाच की," मी म्हणाले. "आणि त्यातली जुनी गढी आहे ना, तिला आल्काथाबा म्हणतात," हे म्हणाले. "अल कसबा! म्हणजे आपण कसब्यातनं निघून कसब्यातच उतरणार." ह्यावर ते इतके खूश झाले की मला वाटलं, आता जायचं रद्द करतील.

पण नाही. आलांब्राच्या तिकिटाने त्यांना पुरतं जिंकून घेतलं. त्या तिकिटावर तुमचं नाव असतं, पासपोर्टचा नंबर असतो, आणि नासरी महालात शिरायची अर्ध्या तासाची वेळ असते. त्या अर्ध्या तासात दारात हजर झालात तर आत, नाहीतर तुम्ही कुठल्या का कसब्यातले असेनात, बाहेर. एकदा आत गेल्यावर मात्र हवं तेवढं रेंगाळा. ह्यांचे डोळे भरून आले. "याला म्हणतात शिस्त," ते म्हणाले. "प्रवासी गाडीसाठी थांबतो, गाडी प्रवाशासाठी नाही."

अडचण एवढीच की ही तिकिटं सगळ्या जगाला हवी असतात आणि आठवडे-आठवडे आधी संपतात. त्यात बारा ऑक्टोबरचा गुरुवार. लेकीला सुट्टी म्हणजे अख्ख्या स्पेनला सुट्टी, आणि तिच्या डोक्यात आलेली शुक्रवारच्या दांडीची आयडिया त्या देशात इतकी जुनी आहे की तिला 'पुएंते', म्हणजे पूल, असं रीतसर नाव आहे. सुट्टीपासून शनिवारपर्यंत पूल टाकायचा आणि सगळ्यांनी त्यावरून ग्रानादाला जायचं.

इकडे व्हिसाचं वेगळंच. व्हिसाला दिवसागणिक कार्यक्रम लिहून द्यावा लागतो. शिवाय हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट, बँकेचं स्टेटमेंट आणि तीस हजार युरोंचा आरोग्य विमा. माझ्या गुडघ्यांची सगळी मिळून एवढी किंमत होईल असं मला कधी वाटलं नव्हतं. तर तिकिटं असल्याशिवाय व्हिसा मागता येत नाही आणि व्हिसा नसताना तिकिटं काढणं म्हणजे मुलगी बघायच्या आधी कार्यालय ठरवणं. चार दिवस ह्यांनी येरझाऱ्या घातल्या. पाचव्या दिवशी वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आधी लगीन आलांब्राचं.'

तिकीट काढायची रात्र मला जन्मभर लक्षात राहील. जेवणं आटोपून आम्ही कॉम्प्युटरपुढे बसलो, लेक माद्रिदहून फोनवर. फॉर्म उघडला. नाव. ठीक. पुढे, पहिलं आडनाव. ठीक. पुढे, दुसरं आडनाव.

"दुसरं?" ह्यांनी चष्मा काढून पुसला. "बाई, आमच्यात एकच असतं."

लेकीने समजावलं की तिकडे प्रत्येकाला दोन आडनावं असतात. एक वडिलांकडचं, एक आईकडचं. बायकांचं आडनाव लग्नानंतर बदलत नाही. हे ऐकून मी हातातलं मटाराचं ताट खाली ठेवलं. माझं तर आडनावच काय, पहिलं नावही लग्नात बदललं होतं. ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले, आणि जुन्या नावाची मुलगी सांगोल्यातच राहिली. तिला व्हिसा कोण देणार?

तोवर ह्यांनी प्रामाणिकपणे मामांचं आडनाव टाकून मोकळं केलं होतं. "बाबा, पासपोर्टवर नाही ते काहीही लिहू नका!" लेक ओरडली. मामा खोडले गेले. मग माझी पाळी आली. मी म्हटलं, "माझ्या तिकिटावर माहेरचं आडनाव टाका." हे म्हणाले, "चालणार नाही." म्हणजे बघा. डाळिंबाच्या गावाला जायचं आणि घरात खरी डाळिंबं पिकवणाऱ्यांचं नाव तेवढं चालणार नाही.

एवढं झाल्यावर पैसे भरायला गेलो तर कार्ड चालेना. ह्यांच्या बँकेने ग्राहकाच्या सुरक्षेसाठी परदेशी व्यवहार बंद ठेवले होते. ते चालू करायला ओटीपी लागत होता, आणि तो ओटीपी इतक्या निवांत आला की तोवर निवडलेली तिकिटं हातची गेली. शेवटी पैसे लेकीनेच भरले. शुक्रवार, तेरा ऑक्टोबर, सकाळी साडेआठ, तीन माणसं. ह्यांनी देवाजवळ साखर ठेवली.

मग वही सुसाट सुटली. माद्रिदच्या आतोचा स्टेशनवरून ग्रानादाला साडेतीन तासांच्या आसपास नेणारी वेगवान गाडी आहे. तिच्याबद्दल हे जितकं बोलले तितकं आमच्या लग्नाबद्दल कधी बोलले नाहीत. रुळांच्या कामासाठी ग्रानादाची रेल्वे २०१५ पासून २०१९ पर्यंत बंदच होती, मधल्या टप्प्यात लोकांना बसने नेत असत, ही माहिती त्यांना कुठून तरी मिळाली. "चार वर्षांचा मेगाब्लॉक!" ते दोन दिवस येता-जाता पुटपुटत होते. "चार वर्षं! आणि आपल्याकडे रविवारी चार तास घेतला तर लोक पेपरात पत्रं लिहितात."

मग त्यांना कोलंबस सापडला. बारा ऑक्टोबरची सुट्टी त्याचीच निघाली. १४९२ साली त्याच तारखेला त्याला पलीकडची जमीन दिसली. त्याच वर्षी दोन जानेवारीला ग्रानादाच्या शेवटच्या सुलतानाने इसाबेला राणी आणि फर्नांडो राजापुढे शहर ठेवलं होतं. आणि एप्रिलमध्ये ग्रानादाच्या वेशीवरच्या सांता फे गावात कोलंबसाच्या कागदांवर सह्या झाल्या. आज ग्रानादाच्या चौकात राणीचा आणि त्याचा जोडपुतळा आहे.

"हा माणूस निघाला होता कुठे? आपल्याकडे!" हे मला स्वयंपाकघरात येऊन सांगत होते. "१४८६ पासून राजाराणीच्या मागे लागला होता. मंजुरी मिळाली १४९२ ला. सहा वर्षं! आणि तू दोन महिन्यांत कंटाळलीस."

मी म्हटलं, "आणि सहा वर्षं तयारी करून पोचला कुठे?"

ह्यावर ते वही घेऊन बाहेर गेले. पण खरं सांगायचं तर मी त्या कोलंबसाची मिंधी आहे, हे मला त्याच आठवड्यात कळलं. माझा अक्कलकोट स्वामींचा गुरुवार असतो. बारा ऑक्टोबर गुरुवार. म्हणजे ग्रानादात उतरायचं तेच उपाशी. लेकीने पर्याय सांगायला सुरुवात केली. तोर्तिया म्हणून बटाट्याचा जाडजूड प्रकार असतो. बटाटा म्हटल्यावर मी हरखले, तर त्यात अंडी निघाली. 'मांस नको' असं सांगितलं तर लोक मोठ्या मनाने हॅम काढून घेतात आणि त्याजागी टूना मासा घालतात. त्यांच्या लेखी मासा म्हणजे मांस नव्हे. वांग्याचे तळलेले काप मिळतात, वर काकवीसारखा पाक असतो. पण वांगं उपासाला नाही.

"ऑलिव्ह चालतं का गं उपासाला?" मी जाऊबाईंना फोन केला. आमच्या घरातलं उपासाचं सर्वोच्च न्यायालय त्याच.

"लागतं कसं?"

"खारट, कडवट. लोणच्यासारखं."

"मग लोणचंच ते. चालत नाही," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "झाडावर येतं का जमिनीत?"

"झाडावर."

"मग फळ झालं. पण मीठ कुठलं आहे ते विचार."

शेवटी लेक वैतागून म्हणाली, "आई, तुझ्या उपासात असतं काय? साबुदाणा, बटाटा, रताळं, शेंगदाणे, हिरवी मिरची. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कंद धरून हे सगळं मूळचं अमेरिकेतलं. कोलंबस वाट चुकला नसता तर तुम्ही गुरुवारी वरी-भगर आणि शिंगाड्यावर बसला असता." मी गप्प झाले. साडेपाचशे वर्षांपूर्वीच्या आमच्या कुठल्याशा आजीने गुरुवार धरला असेल तर तिला खिचडी माहीत नव्हती. मग तिने उपास धरलाच कशाला असेल, ते स्वामीच जाणोत.

उपासाचा तोडगा मीच काढला. डाळिंब खायचं. ऑक्टोबरात तिकडेही डाळिंबं येतात. भावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "दाणे मऊ निघतात का बघ. आणि बघ, भाव काय चाललाय."

शुक्रवारवर मात्र ह्यांच्या वहीत भर आहे. ग्रानादात पेयाबरोबर खायची बशी फुकट येते, ही बातमी लेकीने दिल्यापासून 'लिंबू सरबत × ४' अशी नोंद झाली आहे. रात्रीचं जेवण मात्र तिथे नऊनंतर. आमच्याकडे नऊला कुकर घासून पालथा असतो. तेव्हा संध्याकाळी सातसाठी मी भडंग आणि दशम्या नेणार आहे. त्यावर वाद झाला, मी जिंकले. बाकी पानांवर सगळं मिनिटाच्या हिशेबात. 'सिंहांचा चौक: कारंजाभोवती सिंह १२, मोजून घेणे.' 'लाल मिनीबस सी-३०, हिचे गुडघे.' 'मुख्य दारापासून नासरी महाल चालत १५ मिनिटे, हिला २५.' 'आल्बाइसिनच्या टेकडीवरून सूर्यास्त, साडेसातच्या सुमारास, हॉटेलवर लगेच परत.' सूर्याने उशीर केला तर काय करायचं, ते अजून लिहिलेलं नाही.

परवा व्हिसाचे कागद घेऊन आम्ही मुंबईला जायचं ठरलं. आदल्या रात्री टेबलावर ढीग मांडला. फोटो, विमा, स्टेटमेंट, बुकिंग, सगळं पारदर्शक पिशवीत, वर अनुक्रमांक. ह्यांचं काम बघताना वाटलं, व्हिसा देणाऱ्याने हे कागद घरी नेऊन चौकटीत लावावेत. मी आपली सहज यादी मोठ्याने वाचत होते. "पासपोर्ट, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध."

"आहे की. दहा वर्षांचा काढलाय."

"कधी काढलाय?"

ह्यांनी पासपोर्ट उघडला. मिटला. परत उघडला. ज्या माणसाच्या टेबलावरून एक गाडी कधी विनानोंद सुटली नाही, त्याचा पासपोर्ट येत्या डिसेंबरात संपत होता.

नवा काढावा लागणार. मिळेलही वेळेत, तत्काळची सोय आहे. पण नव्या पासपोर्टला नवा नंबर. आणि शुक्रवार, तेरा ऑक्टोबर, सकाळी साडेआठच्या तिकिटावर जुना.

बराच वेळ कुणी बोललं नाही. माझा स्वभाव बोलण्याचा, पण अशा वेळी बायकोने गप्प बसणं जास्त लागतं, हे मला बत्तीस वर्षांत कळलंय. लेकीला फोन लावला. ती आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, "बाबा, जुना पासपोर्ट कोपरा कापून परत देतात ना? दोन्ही घेऊन या. मी इथून त्यांना मेल टाकते, बघू काय म्हणतात."

हे उठले, हात-पाय धुऊन आले, वही उघडली. तेरा तारखेच्या पानावर '८:३० नासरी महाल प्रवेश' ही ओळ लाल शाईत होती. तिच्या वरच्या फटीत त्यांनी पट्टी धरून बारीक अक्षरांत लिहिलं, '८:२५ जुना पासपोर्ट काढणे, चेहरा गंभीर ठेवणे.'

मग पेन तसंच धरून माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझा कधी संपतोय?"