टाकी की डबा?

१९७२ साली इटलीतल्या इमोलाची २०० मैलांची मोटरसायकल शर्यत पॉल स्मार्टने जिंकली आणि ब्रुनो स्पाज्जारी दुसरा आला. दोघांच्या डुकाटी ७५० च्या फायबरग्लासच्या टाकीला पेट्रोल किती उरले ते बाहेरूनच दिसावे म्हणून एक उभी पारदर्शक पट्टी ठेवलेली होती. त्या गाडीची रस्त्यावर चालवण्याजोगी हलकी प्रतिकृती मी बांधली आहे आणि त्या पट्टीपायीच काल मला पंपावर पेट्रोल नाकारण्यात आले.

"प्लास्टिकच्या डब्यात देत नाही," पंपावरचा मुलगा म्हणाला. डबा गाडीवर बसवलेला आहे, त्याखाली इंजिन आहे आणि वर मी बसलो आहे, हे मी निदर्शनास आणून दिले. "आतलं दिसतंय ना? मग डबाच."

तेवढ्यात मागच्या स्कूटरवरचे गृहस्थ उतरून आले. त्यांनी कलिंगड पारखावे तशी टाकीवर टिचकी मारली, कान लावला आणि आवाज डब्याचाच असल्याचा निर्वाळा दिला. सुशिक्षित दिसत होते, म्हणून मी त्यांना डुकाटीचे अभियंते फाबियो टाग्लिओनींची थोरवी सांगू लागलो: या इंजिनात झडपा मिटवण्याचे काम स्प्रिंगवर सोपवलेले नसते, त्यासाठी रॉकर नावाचे वेगळे दांडे असतात.

"म्हणजे स्प्रिंगासुद्धा काढल्यात?" त्यांनी रांगेकडे वळून विचारले. "स्टार्टर नाही, मागची सीट नाही, आता स्प्रिंगाही नाहीत. अहो, एवढं सगळं काढल्यावर पैसे किती परत मिळाले?"

पैसे परत मिळत नाहीत, उलट काढलेल्या प्रत्येक ग्रॅमचे वेगळे मोजावे लागतात. आणि बोल्टांना भोके पाडून पाडून जे वजन उतरवावे, ते आरसे, इंडिकेटर, हॉर्न आणि नंबरप्लेट मिळून पुन्हा चढवतात. खरी चीड मात्र निराळीच आहे. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल फायबरग्लासमधले पॉलिएस्टर रेझिन मऊ करते, म्हणून मी टाकीला आतून खास लेप दिला आहे. त्या मुलाने इथेनॉलचा मुद्दा काढला असता, तर मी आदराने उत्तर दिले असते. पण धोका कशात आहे याची चौकशी कोणालाच करायची नव्हती. सगळ्यांचा आक्षेप होता तो आतले दिसण्याला.

गृहस्थांनी आपली पत्र्याची टाकी काठोकाठ भरून घेतली आणि जाता जाता मला धीर दिला, "हलकी आहे म्हणता ना? मग ढकलायला कसला त्रास!"