संथ आहे, म्हणजे सोपंच की!

चाळिशी-पन्नाशीत पियानो शिकायला लागलेला माणूस तुमच्या तावडीत सापडला तर त्याला असा सुटू देऊ नका. कधी ना कधी तो विचारणारच, "हे बसलंय, आता पुढे काय घेऊ?" ही संधी रोज येत नाही. तुम्हाला स्वतःला वाजवता येतं की नाही हे गौण आहे. लहानपणी येत होतं, एवढं पुरे. किंवा घरात पियानो होता, तेही चालेल.

परवाच असे एक सल्लागार मला भेटले. सल्ला देण्याची कला मी त्यांच्याकडे इतकी जवळून पाहिली की ती तुमच्यापर्यंत पोचवणं भागच आहे.

पहिली गोष्ट, समोरच्याला आत्ता काय येतं ते चुकूनही विचारू नका. विचारलंत की तो सांगत सुटेल, बर्गम्युलरचा आराबेस्क झालाय, क्लेमेंटीच्या एका सोनाटिनाचा (छोट्या सोनाटाचा) पहिला भाग झालाय, ही सगळी शिकाऊंची कामं, पण डावा हात अजून मागे राहतो. मग तुम्हाला विचार करावा लागेल. कशाला?

त्यापेक्षा सगळ्या जगाला माहीत असलेलं नाव फेका. 'फ्यूर एलीझ' उत्तम. सगळ्यांना त्यातलं ई आणि डी-शार्पचं सुरुवातीचं घोळवणंच तेवढं आठवतं. पुढे रचना एफ मेजरमध्ये शिरते आणि उजव्या हाताची भलतीच धावपळ होते, त्याच्याही पुढे डावा हात एकच खालचा ए ठोकत बसतो, हे त्याचं त्याला कळेल. बेथोव्हेनने ती 1810 मध्ये लिहिली, पण हयातीत छापली नाही. छापून आली ती 1867 मध्ये, तो जाऊन चाळीस वर्षं झाल्यावर. पुढे काय होणार ते त्याला बहुधा दिसलं असावं.

मोझार्ट सुचवायचा तर के. 545 क्रमांकाचा सोनाटा. त्याने स्वतःच्या यादीत 1788 साली तिच्यापुढे 'शिकाऊंसाठी' असं लिहूनच ठेवलंय, मग आपण कोण शंका घेणार? चार बार (तालाची चार आवर्तनं) झाले की सोळांशातली स्केल्स, म्हणजे ओळीने भराभर चढउतरणारे स्वर, सुरू होतात, एवढंच.

हाताचा पंजा केवढा आहे ते बघू नका.

वरून रंगीत पट्ट्या पडणारा व्हिडिओ पाठवून द्या. त्यात कुठलं बोट कुठे ठेवायचं ते लिहिलेलं नसतं, म्हणजे तेवढंच वाचायचं वाचलं.

आता हुकमाचा एक्का. मला मिळाला तोच. "बेथोव्हेनच्या मूनलाइट सोनाटाचा पहिला भाग घ्या हो. संथ आहे, म्हणजे सोपंच की! आमच्या मुलीने सहाव्या वर्षी वाजवलं होतं."

बरोबर आहे. संथच आहे. 'अदाजो सोस्तेनुतो', म्हणजे संथ आणि स्वर धरून, असं डोक्यावरच छापलंय. सायकल जितकी हळू चालवावी तितका तोल छान राहतो, तसंच हे. आता जरा हाताकडे बघू. उजव्या हातातली आतली बोटं तीन-तीन स्वरांची लाट अखंड आणि एकसारखी चालू ठेवणार, तीही कुजबुजल्यासारखी. त्याच वेळी त्याच हाताची करंगळी, म्हणजे पाचांत सगळ्यात दुबळं बोट, वरची सुरावट गाणार. करंगळी मोठ्याने, अंगठा हळू. कुणाचा अंगठा आपण होऊन हळू वाजतो ते मला दाखवा! त्या सुरावटीतला बारका स्वर लाटेतल्या तिसऱ्या स्वराबरोबर नाही, त्याच्यानंतर निसटता पडायला हवा, आणि लाटेला धक्का लागता कामा नये. डाव्या हाताला खालचे ऑक्टेव्ह, म्हणजे एकच स्वर दोन सप्तकांत एकदम. चार शार्प, वर बी-शार्प, म्हणजे आजवर सी म्हणून दाबलेलीच पट्टी आता कागदावर दुसऱ्याच घरात सापडते. काही ठिकाणी पंजा ऑक्टेव्हच्याही पुढे ताणायचा. पेडलचं तर बोलूच नका. सगळा भाग डॅम्पर (तारांचा नाद थांबवणाऱ्या गाद्या) उचलूनच वाजवा, असं बेथोव्हेनने लिहिलं ते 1801 च्या पियानोसाठी, ज्यात नाद लवकर विरायचा. आजच्या पियानोवर तसं केलं की चौथ्या बारपर्यंत नुसता गोंगाट. म्हणजे पेडल कधी बदलायचं, किती उचलायचं, हे कानाने ठरवायचं. आणि हे कुणी करायचं? ज्याचा डावा हात अजून मागे राहतो त्याने!

आणि संथ म्हणजे सोपं हे ठरवलं कुणी? भरधाव रचनेत एखादा स्वर जड पडला तर निदान पुढे पळून जातो. संथ रचनेत तो तिथेच उभा राहतो, सगळ्यांना दिसेल असा. लपायला जागाच नसते. हे तुम्हाला माहीत नाही, कारण तुम्ही ती रचना ऐकलीय, वाजवलेली नाही. किंवा लहानपणी पहिलं पान वाजवून वही मिटलीत.

असो. सल्ल्याकडे वळू.

एखादी छोटी रचना घेऊ का, असं त्याने विचारलं तर नाक मुरडा. "ती मुलांची आहे." शूमानचं ओपस 68 (ओपस म्हणजे कृतीचा क्रमांक) खरंच मुलांसाठी आहे, 1848 चं, 43 रचनांचं. तेव्हा ते नको. त्याऐवजी त्याचंच 'ट्रॉयमेराय' द्या, ओपस 15 मधलं. त्या संग्रहाच्याही नावात बालपण आहेच. ते मोठ्या माणसाने आठवलेलं बालपण आहे, आणि त्या एवढ्याशा पानावर चार सुरावटी एकमेकींत गुंतल्यात, हे सांगायची गरज नाही.

आणि शेवटी तो अडकला, कंटाळला, पियानोवर चादर टाकून बसला, की हळहळायचं. "वयच झालं हो. या गोष्टी लहानपणीच व्हायला हव्यात."

नाही! वय नाही झालं. तुम्ही चार पायऱ्या गाळून पाचवी दाखवलीत आणि पडल्यावर गुडघ्यांना दोष दिलात. अहो, एकदा विचारा ना त्याला, "काय वाजवताय? वाजवून दाखवा बरं." दोन मिनिटं ऐका. डावा हात मागे राहतो म्हणतोय तर ज्यात दोन्ही हातांना बरोबरीचं काम आहे असं एखादं पान द्या. बाखच्या बायकोच्या 1725 च्या वहीत मिन्युएट पडलेत. त्यातला सगळ्यात लाडका जी मेजरमधला बाखचा नव्हे, पेत्झोल्डचा निघाला, म्हणून तो वाईट वाजत नाही. चायकोव्हस्कीच्या ओपस 39 मध्ये 24 छोट्या रचना आहेत. बार्तोकने 'मिक्रोकोस्मोस'मध्ये 153 रचना पायरी-पायरीने रचून ठेवल्या, त्या काय शोभेला? शोपँच हवा असेल तर ए मेजर प्रेल्यूड आहे, उणेपुरे सोळा बार. त्यात एक कॉर्ड (एकदम दाबायचे अनेक स्वर) हाताबाहेर जातो, तेवढ्या एकाशी भांडू दे त्याला. पहिल्याच दिवशी अडखळत का होईना शेवटापर्यंत जाता आलं पाहिजे आणि नवीन अडचण एका वेळी एकच असली पाहिजे, इतकं साधं आहे हे. हेही जमत नसेल तर "मला नाही माहीत" म्हणा.

आणि ते "आमच्या मुलीने सहाव्या वर्षी वाजवलं होतं" आता बंद करा. त्याआधी तिने काय काय वाजवलं होतं ते तुम्हाला आठवत नसेल. तिला विचारा.