खानापूरच्या कचेरीत चंदगडचा फॉर्म चालत नाही

सीमाभागात माहिती अधिकाराचा अर्ज परत आला की पहिला संशय भाषेवर जातो. खोट बरेचदा स्टॅम्पात असते. महाराष्ट्रातल्या चंदगडच्या पाहुण्याकडून फॉर्म मागवायचा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवायचा आणि कर्नाटकातल्या खानापूरच्या तहसीलदार कचेरीत टाकून यायचं. 2005 चा कायदा एकच, पण फीचे नियम ज्या त्या राज्याचे. महाराष्ट्रात स्टॅम्प चालतो. कर्नाटकाच्या नियमांत रोख, पोस्टल ऑर्डर, डीडी आहे, स्टॅम्प नाही. फी तीच, दहा रुपये. पोस्टल ऑर्डर लावा, तिचा नंबर अर्जात लिहा. रोख दिलीत तर पावती घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका.

आता भाषा. कलम 6 प्रमाणे अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा. मराठी त्यात बसत नाही. राग येतो, यावाच. पण ते भांडण निवेदनात करा. घटनेच्या कलम 350 नुसार गाऱ्हाणं राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडता येतं, ते मराठीतच ठणकावून द्या. माहितीचा अर्ज मात्र हिंदीत लिहा, लिपी आपलीच. कानडी लिहिता येत असेल तर सोन्याहून पिवळं. नक्कल मूळ कागदाच्या भाषेतच मिळणार, भाषांतर करून देणं अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही.

एका अर्जात एकच विषय, तोही शक्यतो 150 शब्दांत. गटार, रेशन आणि उतारा एकाच कागदावर कोंबलात तर पहिल्यालाच उत्तर येईल.

सगळ्यात जास्त अर्ज 'का' या शब्दाने मरतात. 'आमच्या जमिनीला दुसऱ्याचं नाव का लागलं?' ही माहिती नव्हे, तक्रार झाली. अधिकाऱ्याने कारणं शोधून सांगायची नसतात, दप्तरात आहे ते द्यायचं असतं. म्हणून कागदाचं नाव घ्या. उताऱ्यावर मालकाच्या नावाशेजारी फेरफाराचा नंबर असतो. तो देऊन लिहा: 'गाव अमुक, सर्व्हे नंबर अमुक, फेरफार नंबर अमुक, त्याला जोडलेली वर्दी (नोंदीसाठी दिलेली खबर), जबाब, बजावलेल्या नोटिसा आणि मंजुरीचा आदेश यांच्या प्रमाणित नकला.' आता टाळायला जागा उरत नाही. हद्दीचा वाद असेल तर टिप्पण (मोजणीचा कच्चा नकाशा) आणि आकारबंद (क्षेत्र आणि साऱ्याची नोंद) सर्व्हे ऑफिसकडे मागा (हे शब्द तिथल्या कानडी दप्तरातही हेच आहेत). चुकीच्या ऑफिसात गेलेला अर्ज पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांचं काम आहे, तरी उगाच दिवस कशाला घालवा.

जुनं रजिस्टर बघायचं असेल तर 'निरीक्षण' लिहा. 'पाहणी' लिहू नका. आपल्याकडे पहाणी म्हणजे उतारा, आणि तोच हातात ठेवतील. 1956 पूर्वी हा भाग मुंबई राज्यात होता, त्यामुळे अनेक गावांचे जुने कागद मोडीत सापडतात. वाचणारा बरोबर न्या.

'रेकॉर्ड उपलब्ध नाही' असं उत्तर आलं तर थांबू नका. ते रेकॉर्ड नष्ट केल्याचा आदेश आणि नष्ट केलेल्या कागदांची यादी मागणारा दुसरा अर्ज टाका. यादी नसेल तर कागद बहुधा कुठल्यातरी कपाटावर गाठोड्यात असतो.

तीस दिवसांत उत्तर नाही म्हणजे नकारच. पुढच्या तीस दिवसांत त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करा आणि उशिरा मिळणारी नक्कल कलम 7(6) प्रमाणे फुकट द्यावी लागते, हे त्यात लिहा. दुसरं अपील माहिती आयोगाकडे, नव्वद दिवसांत. तिथे पहिल्या अर्जाची शिक्का मारलेली पोच लागते, तिची झेरॉक्स आजच काढून ठेवा.