पंक्तिप्रपंच म्हणजे जेवणावळीचा व्याप नव्हे

‘पंक्तिप्रपंच म्हणजे मोठ्या पंगतीची उस्तवार’ असा अर्थ सांगणारा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. ‘प्रपंच’ म्हणजे संसाराचा पसारा, यावरून लढवलेला हा तर्क. पण तो चुकीचा आहे. एकाच पंगतीत कुणाच्या पानावर तुपाची धार आणि कुणाला कोरडाच भात, असा वाढण्यातला दुजाभाव म्हणजे पंक्तिप्रपंच. पंक्तिभेद म्हणतात तोही हाच. (वाढपी ओळखीचा असला की काय होतं, ते सांगायला नकोच!) पंगतीबाहेरही शब्द सर्रास चालतो: ‘निधी वाटताना पंक्तिप्रपंच केला.’ वशिला मात्र वेगळा. तो घेणारा लावतो, पंक्तिप्रपंच वाढणारा करतो. आणि लिहिताना ‘ति’ ऱ्हस्व. सुटा ‘पंक्ती’ तेवढा दीर्घ.