न्हाणीत पाऊस, ड्रॉवरात सोलं

गावच्या घराचं स्वयंपाकघर आणि न्हाणी नवी करायचं मनात आहे ना? करा, जरूर करा. आमचं काम मोठ्या भावजींनी गेल्या मे महिन्यात मुंबईहून येऊन केलं, त्यामुळे चार गोष्टी हक्काने सांगते.

घरात बारा महिने राहणाऱ्या माणसाला काहीही विचारू नका, तो नसत्या शंका काढतो. त्याऐवजी डिझायनरला मोबाइलवर फोटो पाठवा. 'घराला पर्सनॅलिटी नाही' असं तो लगेच सांगेल. आजेसासऱ्यांनी बांधलेलं चिऱ्याचं घर, त्याला पर्सनॅलिटी कुठून असणार! ती ठाण्याहून टेंपोतून येते.

पाटा-वरवंटा अंगणात ठेवून त्यावर कुंडी ठेवा. फोटोत झकास दिसतो.

ओटा ३६ इंच उंच घ्या, कारण भावजींची उंची सहा फूट. त्यांनी आजवर चहाही केलेला नाही, ते सोडा. सासूबाई जेमतेम पावणेपाच फूट, त्या पाटावर चढून भाकरी थापतात. पाट डगडगतो, तेव्हा एका हाताने ओटा धरायचा. सवयीने जमतं.

कपाटं एमडीएफचीच हवीत. लाकडाचे तंतू डिंकात दाबून केलेली ती फळी, कापलेल्या कडेतून ओल शिरली की पावासारखी फुगते. पण कोकणात ओल कुठून येणार म्हणा! आषाढात आमचा खालचा ड्रॉवर फुगून बसला, तो बसलाच. आत वर्षाची सोलं आहेत. आमटीला चिंच घालतेय आणि सोलकढीचं नाव काढत नाहीये. ओढून पाहिलं तर मूठ हातात आली, खाऱ्या वाऱ्याने स्क्रू केव्हाच गंजले होते.

मासे कुठे साफ करायचे? विळी घेऊन परसात बसा, छत्री आहेच.

आता न्हाणी. तिथे रेन शॉवर हवाच. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या आम्हा लोकांना पावसाखाली उभं राहण्याची फार हौस! टाकी शॉवरपेक्षा चार फूट उंच. पाण्याला १ बार दाब यायला साधारण १० मीटर उंची लागते, हे आमच्या गावच्या प्लंबरने सांगितलं होतं. तो गावचा, म्हणून कोणी ऐकलं नाही. मग ताटाएवढ्या शॉवरातून एकेक थेंब गळतो आणि माणूस डोक्याला साबण लावून वर बघत बसतो. तांब्याचा बंब मोडीत घातला, गीझर आणला. लाइट गेली की गीझर शोभेचा. आणि आमच्याकडे पावसात लाइट कधी जाते हे तुम्हाला सांगायला नकोच. पूर्वी न्हाणीचं पाणी पन्हळीतून अळूला आणि केळींना जायचं, आता पाइपातून थेट शोषखड्ड्यात. शोषखड्डा पावसात भरतो आणि पाणी उलटं न्हाणीत येतं. त्यात फरशी कसली, तर इटालियन दिसणारी, गुळगुळीत! जुना खरखरीत दगड उखडून, स्वतःचं तोंड दिसेल अशी फरशी रोज ओल्या राहणाऱ्या जागेत कोण घालतं हो?

परवा पहाटे लाइट नव्हती. सासूबाई तिथेच घसरल्या. मनगट मोडलंय, दीड महिना प्लास्टर. वय ७८.

भावजींना फोन केला तर म्हणाले, "अगं, मॅट टाकायची ना."

मॅट? तुम्ही वर्षातून आठ दिवस येता. त्यातले चार आरतीत जातात आणि दोन परतीच्या तिकिटाच्या काळजीत. या घरात जी बाई साठ वर्षं अंघोळ करते, तिला एकदा विचारलं असतंत, "आई, तुला काय हवंय?" तिला धरायला एक दांडी हवी होती. भिंतीत एक लोखंडी दांडी, बस्स! पैसे तुमचे होते, कबूल. हात तिचा मोडला.

गणपतीला याल तेव्हा फोटो नंतर काढा. येताना पटाशी घेऊन या आणि आधी तो ड्रॉवर उघडून द्या.