लघवी अडवून सराव नको
शौचावरचा ताबा सुटण्यावरच्या तुमच्या लेखात केगेल व्यायामासाठी (लघवी-शौच रोखणारे, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम) लघवीची धार मधेच थांबवून रोज सराव करा असं दिलंय, ते कृपया बदला. त्याने मूत्राशय नीट रिकामं होत नाही. शौचावरचा ताबा सुटत असेल तर चारचौघांत गॅस अडवतो तसं गुदद्वार आवळून आत-वर ओढायचं. 5 सेकंद धरा, 10 सेकंद पूर्ण सैल सोडा. असं 10 वेळा, दिवसातून 3 वेळा. चुकतं कुठे? श्वास कोंडला जातो, कुल्ले आवळले जातात, किंवा चक्क खाली जोर दिला जातो. कुशीवर झोपून आरशात पाहा: गुदद्वार आत गेलं पाहिजे, बाहेर फुगता कामा नये. फरक जाणवायला निदान 3 महिने द्या. बाळंतपणात फाटून टाके गुदद्वारापर्यंत गेले असतील तर मात्र आधी तिथले स्नायू तपासून घ्याच.